माळाची ओ

फार पूर्वी, गावं लहान आणि माळ मोठे होते तेव्हाची ही गोष्ट. एका गावाच्या उगवतीला असाच एक अफाट माळ होता. झाड म्हणावं तर लांब लांब एखादी बाभळ, बाकी सगळं गवत. पावसाळ्यात ते गुडघ्याला लागायचं, उन्हाळ्यात वाळून पिवळं पडायचं. माती वीतभर, तिच्याखाली नुसता मुरूम.

त्या गावाची एक रीत होती. मोकळी जागा वापरात घ्यायची असेल, तर आधी कोतवालाने तिच्या कडेला उभं राहून तीन हाका द्यायच्या, "इथं कोण राहतं का?" तिसऱ्या हाकेपर्यंत कुणी ओ दिली, तर जागा त्याची. कुणीच दिली नाही, तर जागा रिकामी. रीत चांगली होती. एकदा एका पडक्या खोपटात आजारी म्हातारी झोपली होती. तिने तिसऱ्या हाकेला कशीबशी ओ दिली आणि तिचं छप्पर वाचलं. आपल्या गावात कुणी कुणाचं घर बळकावत नाही, हे लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

गावचा पाटील मनाचा चांगला होता. गावाला आमराई असावी, लेकराबाळांनी सावलीत खेळावं, असं त्याला फार वाटायचं. त्या वर्षी त्याने आठ गाड्या भरून आंब्याची रोपं आणवली. लावायची कुठे, तर माळावर. तिथे आहे काय, असं सगळेच म्हणाले.

कोतवाल माळाच्या कडेला उभा राहिला. त्याच्या आवाजाने बैल दावं तोडतात, असं त्याची बायकोच सांगायची. त्याने तीन हाका दिल्या. वारा वाहत होता, वाळलेलं गवत हलत होतं. ओ कुणी दिली नाही. मग त्याने जमिनीवर चुन्याची लांब रेघ मारली आणि चौथ्या दिवशी नांगर धरायचं ठरलं.

हाका होत होत्या तेव्हा धुळा नावाचा एक मेंढका तिथेच उभा होता. त्याची मेंढरं याच माळावर चरायची. त्याच्या बापाची आणि आज्याचीही इथेच चरली होती. पण धुळाचं बिऱ्हाड ओढ्याकाठी होतं. तो माळावर राहत नव्हता, म्हणून खोटी ओ देणं त्याला जमलं नाही. तसा तो बोलायलाही लाजायचा. धुळाचं तोंड आणि देवळाचं मागचं दार सारखंच, कधी उघडलेलं कुणी पाहिलं नाही, अशी गावात थट्टा चालायची.

त्या संध्याकाळी मात्र तो चावडीवर गेला. बराच वेळ खांबाला टेकून उभा राहिला आणि मग म्हणाला, "पाटील, माळ रिकामा न्हाई. तिथं वस्ती हाय."

लोक हसले. कोतवालाने विचारलं, "मग हाकंला ओ का दिली न्हाई कुणी? समदी वस्ती बहिरी हाय का?"

धुळाला उत्तर ठाऊक होतं, पण इतक्या माणसांपुढे ते शब्दांत मांडता येईना. पाटलाने हसणाऱ्यांना गप्प केलं. रीतीप्रमाणे हरकत घेणाऱ्याला तीन दिवस मिळायचे. तेवढ्यात त्याने तिथे राहणारे दाखवायचे. दाखवता आले नाहीत, तर गावाचं काम अडवलं म्हणून त्याला गावाची शीव सोडावी लागायची. पाटलाने हे सगळं सांगितलं आणि हरकत मागे घ्यायची असेल तर आत्ताच घे, असंही बजावलं. धुळाने मान हलवली. ती नकाराची होती.

बिऱ्हाडावर परतल्यावर त्याने बायकोला, ठकूला, झालेलं सांगितलं. ठकू भाकरी थापत होती. "वर्षाचं बोलणं एका दमात बोलून आलात," ती म्हणाली. "आन ते बी बिऱ्हाडच उठंल असं." पण भाकरी उलटता उलटता तिनेच पुढचं ठरवलं. तीन दिवस मेंढरं ती ओढ्यापलीकडे नेणार होती, म्हणजे माळ शांत राहील आणि धुळा मोकळा राहील.

पहिल्या दिवशी पंधरा माणसं माळ बघायला आली. कुणाच्या वहाणा करकर वाजत होत्या, कुणी तंबाखू मळत होतं, एकाने कुत्रं आणलं होतं. धुळा हाताने खुणा करून खाली बसा म्हणत होता, पण बसतंय कोण. पोरींची लग्नं, बैलांची दुखणी, सगळे विषय माळावर बोलून झाले. दुपारपर्यंत त्यांना एक सरडा दिसला. "हा बघा धुळाचा भाऊबंद," एकजण म्हणाला, "ओ द्यायला उशिरा का हुईना, आला बिचारा." हसत हसत सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल एकटाच धुळाकडे आला. तो कडक होता, पण वाईट नव्हता. त्याने सरळ सल्ला दिला. लोकांना माळावर नेऊन काही दिसायचं नाही, त्यापेक्षा एखादा प्राणी धर आणि चावडीच्या खांबाला आणून बांध. पाटील डोळ्यांनी बघेल आणि विषय मिटेल.

धुळाला हे पटल्यासारखं वाटलं. घोंगडी खांद्यावर टाकून तो माळावर गेला. काळविटाच्या माद्या कुठे आपली पाडसं लपवतात, हे त्याला माहीत होतं. उंच गवताच्या एका बेचक्यात त्याला पाडस सापडलंही. जन्मून दोन दिवस झाले असतील. मान जमिनीला चिकटवून, कान पाडून ते मातीचं ढेकूळ व्हावं तसं पडलं होतं. धुळाची सावली अंगावर पडली तरी हललं नाही. लांबवर त्याची आई उभी होती. ती पुढे येत नव्हती आणि पळतही नव्हती, एकच पाय पुन्हापुन्हा आपटत होती.

धुळाने घोंगडी पसरून दोन्ही हातांत धरली. नुसतं वाकायचं बाकी होतं. शीव सोडायची म्हणजे काय, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. उन्हात चालणारी मेंढरं, डोक्यावर बोचकं घेतलेली ठकू, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर पुढे जा म्हणणारी माणसं. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग घोंगडी गुंडाळून त्याने पुन्हा खांद्यावर टाकली आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकत तिथून निघून आला.

संध्याकाळी चावडीवर तो रिकाम्या हाताने आला तेव्हा कोतवाल चिडला. "कायच गावलं न्हाई का रं?"

"गावलं," धुळा म्हणाला. "पाडस व्हतं. हाताशी."

"मग?"

धुळाने खांद्यावरची घोंगडी खाली ठेवली. "वस्ती हाय म्हनून दाखवायची, आन त्याच वस्तीतलं लेकरू बांधून आनायचं? मग नांगराची वाट कशाला बघायची? वस्ती मोडाया मीच सुरवात केली असती."

कुणी हसलं नाही. हा माणूस उद्या घरदार गमावणार आहे, ते वाचवायची सोपी युक्ती हाताशी असून त्याने ती सोडली, म्हणजे हा उगाच बोलत नसावा, असा विचार पाटलाच्या मनात आला. त्याने सांगितलं की उद्या तो एकटाच माळावर येईल, काय करायचं तेवढं धुळाने सांगावं.

"उजाडायच्या आत या," धुळा म्हणाला. "वहाणा नगं. पांढरं धोतर नगं. आन पाटील, बोलायचं न्हाई."

पाटलाला कुणी गप्प बसायला सांगितलं, हे गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता दोघे चुन्याच्या रेघेजवळ एका बाभळीच्या बुडाशी बसले. अंगावर घोंगडी घेतली. बराच वेळ काहीच झालं नाही. पाटलाला मुंग्या चावल्या, घाम आला, दोनदा खोकला आला तो त्याने तोंडात मूठ कोंबून दाबला. आपण मूर्खासारखे बसलोय असं त्याला वाटू लागलं होतं.

मग माळ हळूहळू उघडू लागला. समोरच्या उंचवट्यावरच्या बिळातून खोकडाची चार पिल्लं बाहेर आली आणि एकमेकांच्या शेपट्या ओढत लोळू लागली. लांबून लांडग्यांची जोडी खालमानेने एका रांगेत गेली. एक पखुर्डी पक्षी, कबुतराएवढा, मातीच्याच रंगाचा, फडफडत समोर उतरला. त्याबरोबर गवतातून तीन इवली पिल्लं धावत आली आणि त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखू लागली.

"डबक्यात पोट भिजवून आनलंय," धुळा अगदी हळू म्हणाला. "पान्याचं."

पाटलाने इतकी वर्षं पाण्याचे हंडे वाहणारी माणसं पाहिली होती. पिसांत पाणी आणणारा बाप त्याने पहिल्यांदा पाहिला.

ऊन वर आलं. तेवढ्यात रिकाम्या मडक्यात कुणी फुंकर मारावी तसा घुमणारा आवाज आला. लांबच्या टेकाडावर एक माळढोक नर उभा होता, बकरीएवढा उंच. त्याने शेपूट पाठीवर उभारली होती. गळ्याखालची पांढरी पिशवी फुगून पार पायांपर्यंत लोंबत होती आणि तो सावकाश, मानकऱ्यासारखा चालत होता.

पाटलाचा पाय बधिर झाला होता. नीट बघायला तो उठू लागला, तोच धुळाने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि डोळ्यांनी जवळच खूण केली.

दहा पावलांवर एक दगड होता. सकाळपासून पाटील तो बघत होता. आता त्या दगडाला मान फुटली. माळढोकाची मादी होती ती. उन्हं कडक झाली म्हणून ती उठून उभी राहिली आणि तिने पंख अर्धे उघडले. त्या सावलीत, उघड्या जमिनीवर, ना काडी ना घरटं, एक अंडं होतं. चुन्याची रेघ त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेली होती.

पाटील कितीतरी वेळ बघत राहिला. मग ओठ जेमतेम हलवत त्याने विचारलं, "एकच?"

"वर्साला एकच."

"हाका दिल्या तवा ही हितंच व्हती?"

धुळाने मान हलवली.

"मग ओ का दिली नाही हिनं?"

"दिली की, पाटील. हाक ऐकली की ही जिमिनीला चिकटती. पाडस बी तसंच, पखुर्डी बी तशीच. हलली तर मरती. गप बसनं हीच त्यांची ओ. आपल्याला ती ऐकू येत न्हाई."

पाटील उठला नाही. मादी पुन्हा अंड्यावर बसेपर्यंत तो तसाच राहिला आणि मग धुळासारखाच मागे सरकत निघाला.

चावडीवर सगळा गाव जमला होता. पाटलाने सांगितलं की माळ रिकामा नाही, आमराई तिथे होणार नाही. मोठी कुरकुर झाली. आठ गाड्या रोपं वाळत पडली होती. तालमीतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "पाटील, एका अंड्यापायी गावाची आमराई घालवायची?"

"अंड्यापायी नाही, काका," पाटील म्हणाला. "आपण विचारलं होतं, इथं कोण राहतं का. आज उत्तर मिळालं. उत्तर मिळूनही नांगर घातला, तर मग तीन हाकांची ही रीत नुसता आरडाओरडा ठरंल. पडक्या खोपटातल्या म्हातारीला जो न्याय, तोच त्या आईला. माझा शब्द बदलणार नाही."

त्याने कुणाची वाट बघितली नाही. धोतर खोचलं, कुदळ उचलली आणि पहिलं रोप आपल्याच अंगणात लावलं. दुसरं कोतवालाच्या दारात. मग ओढ्याचा काठ घेतला, जिथे माती खोल होती. धुळाने आणि ठकूने लेंडीखताची पोती आणून खड्ड्यांत टाकली. आधी बघत उभे राहिलेले लोक एकेक करून खाली वाकले. पाच दिवसांत आठही गाड्या रिकाम्या झाल्या.

शेजारच्या गावानेही त्या साली आपला माळ नांगरला होता. तिथली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात मुरुमावर वाळून गेली. मातीला धरून ठेवणारं गवत उरलं नव्हतं, ती वाऱ्याने गेली. पुढे दुष्काळ पडला तेव्हा त्या गावची गुरं चाऱ्यासाठी या गावच्या माळाकडे आली आणि धुळाने त्यांना कुठे चारायचं, कुठे पाऊल टाकायचं नाही, ते दाखवलं. आता तो थोडं बोलू लागला होता.

पाटलाने आणखी एक केलं. गाडीवाट पूर्वी माळाच्या मधून जायची. त्याने ती कडेने वळवली. बाजाराला जायचं अंतर अर्ध्या कोसाने वाढलं. दोन वर्षं लोक बडबडले, तिसऱ्या वर्षी सवय झाली. अजूनही ती वाट तशीच वळसा घेऊन जाते. नवखा गाडीवान विचारतो की समोर सपाट जमीन असताना हा फेरा कशाला. तेव्हा शेजारी बसलेला गावकरी खाली उतरून बैलांच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरतो, ती वाजू देत नाही, आणि हळूच म्हणतो, "घरात लेकरं झोपलीत. चला पुढं."

तात्पर्य: ज्यांना आपल्या भाषेत ओ देता येत नाही, त्यांचंही घर असतं, म्हणून कुठलीही जागा रिकामी म्हणण्याआधी नुसती हाक मारून थांबू नये, गप्प बसून बघावं, आणि एकदा दिसलं की त्या घरासाठी ठाम उभं राहावं.