दहा पहिल्या गोळ्या

एकदा एका रायफल बांधणाऱ्या म्हाताऱ्याची चाळीस वर्षांची शिकवण दहा गोळ्यांत उलटी पडली, आणि त्या दहा गोळ्या मारायला त्यानेच लावल्या होत्या. म्हणून ही गोष्ट सांगतो आहे. एरवी ज्ञानी म्हाताऱ्यांच्या गोष्टींना तोटा नाही, आणि त्या प्रत्येक गोष्टीत म्हातारा शेवटपर्यंत बरोबरच असतो. असा म्हातारा मला तरी अजून भेटलेला नाही.

हा म्हातारा शिकारीची हत्यारं करत नसे. गावाबाहेर त्याचा परवान्याचा छोटा कारखाना होता, मागे स्वतःची पन्नास मीटरची रेंज. तिथे फक्त टार्गेटच्या, टू-टू बोअरच्या रिमफायर, म्हणजे बारीक, कमी ताकदीच्या गोळीच्या, रायफली बनत, त्याही बेंचरेस्टच्या. बेंचरेस्ट म्हणजे काय ते आधी सांगतो, त्यावाचून पुढचं कळणार नाही. रायफल भक्कम टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची. समोर कागद, त्यावर पंचवीस छोटी वर्तुळं, प्रत्येकाला एकच गोळी. मारणाऱ्याने जवळजवळ दगड व्हायचं. वारा ओळखायचा आणि चापाला बोट लावायचं, एवढंच त्याचं काम. बाकी सगळी परीक्षा रायफलीची, म्हणजे ती ज्याने बांधली त्याची. सरावात एकाच वर्तुळावर मारल्या तर चांगली रायफल पाचच्या पाच गोळ्या एकाच भोकातून घालवते. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, मला माहीत आहे. पण पाचवी गोळी सुटावी, दुर्बिणीतून कागद पाहावा आणि नवं भोक कुठेच नसावं, हे ज्याने एकदा पाहिलं त्याला मग दुसरं काही सुचत नाही.

या म्हाताऱ्याच्या शिष्याचं तेच झालं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून तो उठून आला होता. वडिलांनी त्याला एक वर्ष दिलं होतं, ते देतानाचं वाक्यही ठरीव होतं: "वर्षभरात तुझी एक रायफल कुणी पसंत करून नेली तर राहा तिथे. नाहीतर मी येऊन घेऊन जाईन, आणि मग कॉलेज संपेपर्यंत तोंडातून बंदूक हा शब्द काढायचा नाही." वर्ष येत्या सोमवारी संपत होतं.

म्हाताऱ्याच्या सगळ्या रायफली हाताने भरायच्या. प्रत्येक गोळीला बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढायचा, गोळी नळीत सारत तो पुढे न्यायचा, बंद करायचा, मारायचं. शिष्याच्या डोक्यात मात्र सेमी-ऑटोमॅटिक भरली होती. पहिल्या गोळीला बोल्ट हाताने ओढायचा, पुढे एक गोळी सुटली की बोल्ट आपला आपण मागे जाणार, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येणार आणि येताना मॅगझिनमधली, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या डबीतली, पुढची गोळी घेऊन बसणार. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने दाबायचा. बेंचरेस्टची जुनी मंडळी असल्या रायफलीला नाक मुरडतात. म्हणतात, जिथे बोल्ट धावतो तिथे नेम नांदत नाही. स्पर्धेत तिचा गट वेगळा ठेवतात, पंगतीत पाहुण्याचं ताट कोपऱ्यात मांडावं तसा.

"घाईचं यंत्र आहे ते," म्हातारा म्हणाला होता.

"घाई तुम्हाला दिसते, उस्ताद. ती दर वेळी तेवढीच घाई करते. माणसाचा हात दर वेळी तेवढाच चालतो का?"

म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि परवानगी दिली. कधीकधी म्हातारे एवढ्यावरच परवानगी देतात.

शिष्याने अकरा महिने त्या एका रायफलीवर काढले. नळी बसवली, काढली, पुन्हा बसवली. दस्ता तीनदा घडवला. चार निर्मात्यांच्या गोळ्या आणून पाहिल्या आणि रायफलीला कुठली मानवते ते शोधलं, कारण रिमफायरची रायफल जेवणाच्या बाबतीत जावयासारखी असते, ताटात काय पडलं यावर तिचा मूड. म्हाताऱ्याने त्याला दोन गोष्टी पहिल्या दिवशीच शिकवल्या होत्या आणि त्या त्याने इथेही पाळल्या. एक, नळी साफ केल्यावर पहिली गोळी कागदावर मारायची नाही, कागदामागच्या मातीच्या बांधात घालायची, कारण ती तेल अंगावर घेऊन जाते आणि भलतीकडे पडते. दुसरी, बोल्ट कधी सोडून द्यायचा नाही. हातात धरून, जपून पुढे न्यायचा, झोपलेल्या लेकराला पाळण्यात ठेवतात तसा. आदळला की नेम गेला.

पहिला नियम शिष्याने जरा वाढवला. दर मॅगझिनची पहिली गोळी तो मातीत मारू लागला. सवय चांगली आहे, जास्त पाळली तर काय बिघडतं, असा त्याचा हिशेब.

वर्ष संपायच्या सोमवाराआधीच्या शुक्रवारी एक व्यापारी आला. पाइपांचा मोठा व्यापारी, परवाना, कागदपत्रं सगळं चोख, आणि बेंचरेस्टचं वेड डोक्यात गेलेलं. रविवारी जिल्ह्याची स्पर्धा होती. सेमी-ऑटोमॅटिकच्या गटात सलग दोन वर्षं एका दातांच्या डॉक्टरने त्याला हरवलं होतं.

"दोन गुणांनी," व्यापारी म्हणाला. "आणि वर हसतो. दात सगळे स्वतःचे आहेत त्याचे. दाखवा काय आहे ते."

शिष्य टेबलाशी बसला. मॅगझिन भरलं, बोल्ट जपून पुढे नेला, पहिली गोळी मातीत घातली. मग कागद. वारा दाखवणाऱ्या झेंड्या पडल्या, वारा थांबला, आणि त्याने पाच गोळ्या मारल्या. एक भोक. व्यापाऱ्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पुसली, पुन्हा लावली. कागद जवळ आणवला. पाच गोळ्यांचं भोक करंगळीच्या नखाएवढंसुद्धा नव्हतं.

"डॉक्टर गेला," व्यापारी हलकेच म्हणाला. "कागदपत्रं काढा. मी घेतो ही."

शिष्याचे कान तापले होते. सोमवार आता त्याचा होता.

आणि इथे म्हाताऱ्याने ते केलं. व्यापाऱ्याच्या हातातला कागद त्याने काढून घेतला, त्याची चौपट घडी घातली आणि खिशात ठेवली. समोर कोरा कागद लावायला सांगितला. मग मॅगझिनमधल्या उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि शिष्याला म्हणाला, "आता एकेक गोळी भर. भर, बोल्ट पुढे ने, मार. मग पुन्हा एक. अशा दहा. आणि सगळ्या कागदावर."

शिष्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"उस्ताद, त्या सगळ्या पहिल्या होतील."

"हो."

"पहिली धरायची नाही हे तुम्हीच शिकवलंत."

"हो."

"शेठनी घेतली आहे रायफल. त्यांचं समाधान झालंय. तुम्हाला मी जायलाच हवा आहे का? तसं सांगा, मी आजच पेटी भरतो. पण शेठसमोर माझी रायफल वाईट दाखवायचं कारण काय?"

व्यापारी मधे पडला. "उस्ताद, जाऊ द्या हो. पोरगं वर्षभर राबलंय."

"शेठ, रविवारी गोळ्या किती?"

"पंचवीस."

"मॅगझिन दहाचं. म्हणजे तीनदा भरणार. तीन गोळ्या पहिल्या. त्या कुठल्या मातीत घालणार? डॉक्टरच्या?"

व्यापाऱ्याने दुर्बीण पुन्हा उचलली. गेल्या वर्षीचे दोन गुण त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

शिष्याने रायफल पुन्हा पिशव्यांवर बसवली. राग डोक्यात होता, म्हणून तो थांबला. राग गेला नाही, श्वास तेवढा ठिकाणावर आला. एक गोळी, बोल्ट जपून पुढे, चाप. दुसरी. तिसरी. दुर्बिणीकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही. दहा झाल्यावर उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"बघा आता," तो म्हणाला. "विखुरल्या असतील अंगणभर."

म्हातारा कागद घेऊन आला आणि त्याने तो टेबलावर पसरला. व्यापारी वाकला. शिष्यही, नको नको म्हणत, वाकला.

विखुरल्या नव्हत्या. दहाच्या दहा गोळ्या एका भोकात होत्या. मात्र ते भोक मधोमध नव्हतं. बोटाच्या पेरभर खाली, जरासं डावीकडे.

शिष्याने त्या भोकावर बोट ठेवलं. मग त्याने म्हाताऱ्याच्या खिशात सरळ हात घातला, पहिला कागद काढला, घडी उलगडली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. इकडे एक भोक, तिकडे एक भोक. दोन्ही तेवढीच घट्ट.

"ही चूक नाही," तो म्हणाला. आवाज चढला होता, पण रागाने नाही. "उस्ताद, ही चूक नाही. चूक अशी नसते. चूक इकडे तिकडे पडते."

"मग काय आहे?"

"काहीतरी दर वेळी तसंच होतंय. रायफल तीच, गोळी तीच, टेबल तेच. पहिली अन् दुसरी यांत फरक एवढाच," तो थांबला. "पहिली मी भरतो. बाकीच्या ती भरते."

"तू कशी भरतोस?"

"जपून. तुम्ही शिकवलंत तशी. लेकरू पाळण्यात..."

म्हातारा स्टुलावर बसला. मला वाटतं, या जागी बहुतेक म्हाताऱ्यांनी मिशीत हसून म्हटलं असतं की हे मला आधीच ठाऊक होतं, तुझी परीक्षा घेत होतो. याने तसं केलं नाही. तो एवढंच बोलला:

"मला ठाऊक नव्हतं. शेठना तीन पहिल्या माराव्या लागतील एवढंच सुचलं, त्या कुठे जातात ते बघावं म्हटलं. माझ्या रायफलींत प्रत्येक गोळी हाताने बसते, म्हणून जपणारा हात सगळ्यांना सारखा. तिथे ते शहाणपण होतं. तुझी रायफल स्वतःच्या जोरावर गोळी बसवणारी तू केलीस, आणि तिच्या पहिल्या गोळीवर माझा हात तसाच ठेवलास. त्या हाताने ती पूर्ण बसत नाही. आणि एक गोळी मातीत मारायला मीच सांगितलं, तू ते दर खेपेला केलंस. मातीत मारलेली गोळी काही सांगत नाही रे. इकडे तिकडे चुकते ती रायफल. दहादा एकाच जागी चुकते, तेव्हा कुणाचा तरी हात शोधावा. हा हात माझा आहे. काढ तो."

शिष्याने नवा कागद लावायला सांगितला. एक गोळी भरली. बोल्ट पूर्ण मागे ओढला, आणि वर्षभरात पहिल्यांदा सोडून दिला.

खाट असा आवाज झाला. व्यापारी दचकला. म्हाताऱ्याने डोळे मिटले, चाळीस वर्षं जे करू नका म्हणून ओरडला ते कानांनी ऐकणं सोपं नसतं. शिष्याने चाप दाबला.

मधोमध.

पुन्हा एक. खाट. दुर्बिणीत दुसरं भोक दिसेना. तिसरी. खाट. चौथी. व्यापारी आता मोठ्याने मोजत होता, पाइप मोजावेत तसा. सहाव्या गोळीला म्हाताऱ्याने डोळे उघडले, आठवीला स्टूल सोडून दुर्बिणीशी येऊन व्यापाऱ्याला खांद्याने बाजूला सारलं. दहावी गेली आणि कागदावर एकच भोक होतं, पहिल्या कागदावर होतं तिथेच.

"मला मारू द्या एक," म्हातारा म्हणाला.

"बोल्ट सोडाल ना?" शिष्याने विचारलं.

"प्रयत्न करतो."

पहिल्यांदा त्याच्याने सोडवला नाही. हात आपोआप बोल्टबरोबर पुढे गेला, आणि गोळी पेरभर खाली पडली. शिष्य हसला, व्यापारी हसला, मग म्हाताराही हसला. दुसऱ्यांदा सुटला.

रविवारी स्पर्धेत कोण जिंकलं ते मी सांगणार नाही. तुम्हाला नेमकं तेवढंच ऐकायचं असतं आणि मग बाकीचं विसरायचं असतं. रायफल व्यापाऱ्याने नेली, एवढं पुरे.

सोमवारी शिष्याचे वडील आले. पोराला न्यायला आले होते, ते रिकाम्या हाताने परत निघाले. रायफल गेल्याचे कागद त्यांनी दोनदा वाचले. शब्दाचे पक्के होते, त्यामुळे बोलायला काही उरलं नव्हतं. निघताना दारात थांबून, वडील लोक म्हणतात तेच म्हणाले.

"उस्ताद, पोरगं अजून लहान आहे. तुमचा हात असू द्या त्याच्यावर."

म्हाताऱ्याने मागे पाहिलं. शिष्य टेबलाशी नवी नळी घेऊन बसला होता. इकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"डोक्यावर असू देतो," म्हातारा म्हणाला. "बोल्टवर नाही."

वडिलांना ते कळलं नाही. त्यांनी पोराकडे एकदा पाहिलं. मग चप्पल घातली आणि गेले.

आपल्या घरातलं पोर पुन्हा पुन्हा एकाच जागी चुकत असेल, तर त्याला बोलण्याआधी आपला हात कुठे आहे ते एकदा बघा.