निळ्या मोटारीचं चाक ओलं कुणी केलं?

बसा बरं मांडी घालून. बोटं तोंडातून बाहेर, कान इकडे.

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. पांढरं पांढरं, वर काळे ठिपके. त्याचं नाव ठिपक्या. केशरकाकूंच्या दारात उभी असायची निळी मोटार. मोटारीखाली गार गार सावली. ठिपक्या तिथेच झोपायचा. घुर्र घुर्र. दुसरीकडे त्याला झोपच येत नसे.

एकदा काय झालं? मोटारीचं मागचं चाक ओलं झालं. टिप टिप, टिप टिप.

काकू आल्या. काकूंनी चाक पाहिलं. मग ठिपक्याला पाहिलं.

"ठिपक्या, चाकावर शू केलीस?"

"नाही काकू. मी खांबावर करतो."

"मग काय चाकाने स्वतःच केली? हो बाहेर. चाक सुकेपर्यंत मोटारीखाली यायचं नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. वाकून बघितलं का काकूंनी? नाही बघितलं. बादलीभर पाणी ओतलं, फस्सक, आणि गेल्या घरात. थोड्या वेळाने चाक पुन्हा ओलं. टिप टिप, टिप टिप.

ठिपक्याचं तोंड एवढंसं झालं. बाहेर कडक ऊन. पाय भाजायला लागले. तो चाकाकडे गेला. लुटूलुटू, लुटूलुटू.

"चाकदादा, चाकदादा, सुकता का?
काकू ऐकेना,
मला झोपायला जागा मिळेना."

चाक म्हणालं, "मी नाही सुकणार जा. माझ्या आतला वॉशर फाटलाय. ब्रेकचं तेल गळतंय. आधी मिस्त्री मला खोलू दे."

समोरच होतं गजामिस्त्रीचं गॅरेज. ठिपक्या निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, चाक खोलता का?
चाक सुकेना,
काकू ऐकेना,
मला झोपायला जागा मिळेना."

मिस्त्री म्हणाला, "मी नाही खोलणार जा. चाक जमिनीला टेकलंय, निघेल कसं? आधी जॅक मोटार उचलू दे."

जॅक कोपऱ्यात बसला होता. अंगाला सगळं काळं काळं. ठिपक्या गेला. लुटूलुटू, लुटूलुटू.

"जॅकभाऊ, जॅकभाऊ, मोटार उचलता का?
मिस्त्री खोलेना,
चाक सुकेना,
काकू ऐकेना,
मला झोपायला जागा मिळेना."

जॅक म्हणाला, "मी नाही उचलणार जा. मोटार घरंगळली म्हणजे? आधी दगड पुढच्या चाकाला टेकू दे."

दगड होता कुंपणापाशी. चांगला गोल गरगरीत. ठिपक्या गेला. लुटूलुटू, लुटूलुटू.

"दगडोबा, दगडोबा, चाकाला टेकता का?
जॅक उचलेना,
मिस्त्री खोलेना,
चाक सुकेना,
काकू ऐकेना,
मला झोपायला जागा मिळेना."

दगड म्हणाला, "मी नाही टेकणार जा. माझ्या डोक्यावर बघ कोण बसलंय. आधी कोंबडी उठू दे."

खरंच की. दगडावर कोंबडी बसली होती. पंख फुगवून, डोळे मिटून. ठिपक्याने वर तोंड केलं.

"कोंबडीताई, कोंबडीताई, उठता का?
दगड टेकेना,
जॅक उचलेना,
मिस्त्री खोलेना,
चाक सुकेना,
काकू ऐकेना,
मला झोपायला जागा मिळेना."

कोंबडी म्हणाली, "मी नाही उठणार जा. मी अंडं उबवायला खुडूक बसलेय. हे माझं अंडं आहे."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. ठिपक्याला रडू आलं. कुंई कुंई, कुंई कुंई.

कोंबडी होती मायाळू. ती म्हणाली, "उगी, उगी. जागा नाही ना तुला? ये, माझ्या पंखाखाली झोप."

ठिपक्या पंखाखाली शिरला. नाक कशाला तरी लागलं.

"ताई, तुमचं अंडं खडबडीत का?"

"खडबडीत? अंडं कधी खडबडीत असतं का?"

"बघा ना वाकून."

कोंबडी उठली. वाकून बघते तर काय? "अगं बाई, हा तर दगड!"

"केव्हाचा सांगतोय," दगड म्हणाला. कोंबडी लाजली आणि पळाली. फडफड फडफड.

मग दगड निघाला, गडगड गडगड. पुढच्या चाकाला टेकला, धप्प.
जॅकने मोटार उचलली, कर्र कर्र.
मिस्त्रीने चाक खोललं, खट खट. आत फाटका वॉशर. सगळीकडे तेलच तेल.

तेवढ्यात काकू आल्या. हातात बादली.

"पुन्हा शू केली ना याने?"

मिस्त्री म्हणाला, "काकू, जरा बोट लावून बघा."

काकूंनी बोट लावलं. "ई, बुळबुळीत!"

"शू बुळबुळीत असते का? ब्रेकचं तेल आहे हे. सगळं गळून गेलं असतं, तर उतारावर मोटार थांबलीच नसती."

काकूंनी हातातली बादली खाली ठेवली.

मिस्त्रीने नवा वॉशर बसवला. नवं तेल भरलं. पण तेलात हवा शिरली होती, ती काढायला हवी. मिस्त्री चाकाच्या जागेपाशी नळी लावून बसला. काकू मोटारीत बसल्या. ठिपक्या बसला नळीतले बुडबुडे बघायला.

"काकू, ब्रेक दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा."

"धरला."

बुड बुड बुड. "आला बुडबुडा," ठिपक्या म्हणाला.

"सोडा. आता पुन्हा दाबा."

बुड बुड. "आला."

"पुन्हा दाबा."

ठिपक्याने नीट पाहिलं. "नाही आला. संपले बुडबुडे."

चाक बसलं. जॅक उतरला. दगड बाजूला झाला. काकूंनी मोटार गल्लीतून फिरवून आणली. दारात ब्रेक दाबला. कच्च. मोटार जागच्या जागी थांबली.

मिस्त्रीने चाक पुसलं. सगळे बघत बसले. टिप नाही, टिप नाही. चाक कोरडं ठणठणीत.

काकू खाली वाकल्या. ठिपक्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू शू केलीच नव्हतीस रे. मी न बघताच रागावले. चुकलं माझं."

"मग मी झोपू?"

"झोप, माझ्या राजा. आता तुला उठवल्याशिवाय मी मोटार हलवायची नाही."

ठिपक्या मोटारीखाली शिरला. लुटूलुटू, लुटूलुटू. गार गार सावलीत आडवा झाला. घुर्र घुर्र.

आणि आपल्या गोष्टीनेही ब्रेक दाबला. कच्च. गोष्ट थांबली.