सरळ बसणारं वटवाघूळ

पाखरांची पंचायत भरायची, त्या फार पूर्वीच्या काळातली ही गोष्ट. एका उंबरावर नाना तऱ्हेची पाखरं राहायची. त्यांच्यात वटवाघळं दोनच, एक मावशी आणि तिचं आईवेगळं भाचरू.

भाचरू दिवसभर उलटं लटकायचं. गलका झाला की पंखांत तोंड लपवायचं. पाखरांना त्याची भारी दया यायची, आणि त्यांची दया म्हणजे काय विचारता! सरपंच कावळ्यानं ठरवूनच टाकलं, पिल्लाला सुधारायचं. साळुंकी त्याला रोज फांदीवर सरळ बसायला शिकवू लागली. बसलं तर उंबर खायला, पाय ढिले सोडून उलटं झालं तर उपाशी.

मावशीचा जीव तीळतीळ तुटायचा. लहानपणी तिलाही असंच बसवलं होतं. वटवाघळाला आधी फांदी सोडून खाली झेपावावं लागतं, तेव्हा कुठे पंखांत वारा भरतो. पाखरांना हे कुठून ठाऊक असणार? म्हणून ती पंचायतीत सांगायला गेली.

कावळा म्हणाला, "मावशी, असं उलटं लटकून कुणी बोलतं का? आधी सरळ बसा, मग ऐकतो."

पिल्लासाठी मावशी बसली. पायांना कळा लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तिनं सगळं सांगितलं. पिल्लाला लटकू द्या, नाहीतर एक दिवस जिवाला मुकेल, असंही म्हणाली.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग साळुंकी कौतुकानं म्हणाली, "अहो, तुम्ही तर छान बसता की! तुम्हाला जमलं, मग त्याला का जमणार नाही?"

झालं! पंचायतीनं माना डोलावल्या. लटकून बोललं तर कुणी ऐकत नाही, आणि बसून बोललं तर बसता येतं म्हणून खोटं पाडतात. मावशी हताश होऊन परत आली.

पिल्लू मुळात हुशार. शिकलं बिचारं.

एका संध्याकाळी उंबरावर साप चढला. सगळी पाखरं भुर्रकन उडाली. पिल्लू मात्र फांदीवर सरळ बसून राहिलं. मावशी जिवाच्या आकांतानं ओरडली, "सोड रे बाळा, पाय सोड!" पिल्लानं तिच्याकडे पाहिलं. पाय सोडले की उपाशी राहावं लागतं, हेच त्याच्या अंगात भिनलं होतं. त्यानं फांदी आणखी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. शेवटपर्यंत किती सरळ बसलं होतं पोर, असं म्हणत साळुंकी खरोखरच रडली. मावशीलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, पण बसून. मावशी लटकलेलीच राहिली.

"त्याला बसता येत होतं," ती म्हणाली. "उडता येत नव्हतं."

कावळ्यानं मान फिरवली आणि पुढचा विषय घेतला. पलीकडच्या चिंचेवर एका वटवाघळाला पिल्लू झालं होतं. त्याला आणखी लहानपणीच बसायला शिकवायचं ठरलं.

तात्पर्य एवढंच: स्वमग्न मुलांचं भलं कशात आहे, ते मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांना विचारा, आणि ती जसं सांगतील तसंच ऐका. आधी आमच्यासारखं होऊन या म्हणालात, तर ऐकेपर्यंत पोर हातचं गेलेलं असेल.