दगड काढू का?

बाबालाल मिस्त्रींनी धैर्यशीलरावांच्या जुन्या लाल स्पोर्ट्सकारचं चाक खोललं. ब्रेकचं तेल गळत होतं, सस्पेन्शनची स्प्रिंग तुटली होती.

"सरकार, ही उद्या घाटात उतरवू नका."

धैर्यशीलराव खवळले. "उद्या रॅली आहे. ब्रेक चांगले लागतात. शिवगोंडा चालवेल, मी मागनं नव्या गाडीतून येतो."

ड्रायव्हर शिवगोंडा मान खाली घालून उभा होता. ते बघून मिस्त्रींचं डोकं सणकलं. त्यांनी चाक चढवलं, लाल गाडी गॅरेजच्या दारातल्या उतारावर आणली आणि चाकाखाली दगड लावला. उताराच्या तळाशी रावांची नवीकोरी गाडी उभी होती.

"ब्रेक लागतात ना? मग हा दगड काढू का?"

"थांब, आधी माझी गाडी बाजूला घेऊ दे."

"घ्या की," मिस्त्री म्हणाले. "पण घाटात शिवगोंडाला कोण बाजूला घेणार?"