शेठच्या अंगठ्याची साक्ष

सांगलीच्या आक्काताई मगदूम साठी उलटल्यावर मोबाइलवर व्हिडिओ कापायला-जोडायला शिकल्या, तेही कुणापुढं हात न जोडता. बचत गटाच्या पापडांवरचे त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर गाजले आणि घरबसल्या पहिलं मोठं काम चालून आलं: हळदीचे बडे व्यापारी धनपालशेठ यांची जाहिरात.

शेठ कॅमेऱ्यासमोर पणजोबांपासून सुरू झाले, ते चाळीस मिनिटांनी स्वतःच्या सत्कारांवर येऊन थांबले. वर दम भरला, "माझा एक शब्द कापलास तर काम दुसऱ्याला देईन. या वयात चुलीपुढं बसायचं सोडून हे धंदे कशाला?"

आक्काताईंना काम सोडायचं नव्हतं आणि रटाळ व्हिडिओ करून नावही घालवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढीवर, हमालांदेखत, मोबाइल शेठच्या हातात दिला. "एक अक्षर कापलं नाही. सगळं बघा आणि पसंती सांगा."

शेठ कौतुकानं बघू लागले. भाषणातली पणजोबांची बैलगाडी गावाबाहेर पडेपर्यंत त्यांना जांभई आली. बैल पाण्याला थांबले, तसा शेठचा अंगठा आपसूक पडद्यावर गेला आणि व्हिडिओ पुढं सरकला.

"थांबा!" आक्काताई कडाडल्या. "शेठ, तुमचं भाषण तुमचाच अंगठा ऐकंना. गिऱ्हाइकाचा अंगठा काय तुमच्या पगारावर हाय?"

हमालांनी तोंडाला पंचे लावले. शेठ ओशाळून पुटपुटले, "बरं, काप. काय काय ठेवशील?"

"हळद सगळी ठेवते," आक्काताई म्हणाल्या, "आणि तुम्हाला नमस्कारापुरतं."