अनोळखी हातांच्या चादरी

“पण बाबा, ज्याला कुणी भेटायलाच येत नाही, तो साहेब कसला?”

प्रश्न भालचंद्र चाकोतेंचा होता. सोलापूरकडच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याची खरेदी त्यांच्याकडे होती. चादरीपासून चमच्यापर्यंत सगळी.

नूरशाह बाबा दर्ग्याच्या अंगणात, लिंबाखाली बसून कबुतरांना ज्वारी टाकत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं,

“आधी कोण यायचं?”

“कोण नाही यायचं! सकाळपासून व्यापाऱ्यांची रीघ. नमस्कार काय, लग्नाची आमंत्रणं काय... आता सगळी खरेदी कॉम्प्युटरवर. काय हवंय ते आम्ही तिथं टाकायचं. ज्याला माल द्यायचाय त्यानं घरबसल्या भाव भरायचा. वेळ संपेपर्यंत तो भाव मलासुद्धा दिसत नाही. मग सगळ्यांचे एकदम उघडतात, सगळ्यांसमोर. मला विचारतो कोण?”

“वाईट झालं,” बाबा म्हणाले. “दवाखान्याचं फार नुकसान झालं असेल.”

“नुकसान? छे!” चाकोते ताठ बसले. “पूर्वी तेच ते चार जण भाव द्यायचे. यंदा कुठून कुठून आले. भाव उतरले, माल वेळेत आला. आणि चादर अशी, की कितीही धुवा, रंग हलत नाही. पैसे उरले, तर मुलांच्या वॉर्डाला पोपटांच्या चादरी घेतल्या. एक पोरगी बरी झाली तरी पलंगावरून उतरेना. म्हणे, पोपट घरी न्यायचेत!”

बाबा खो खो हसले. कबुतरं उडाली, पुन्हा येऊन बसली.

“मग तोंड का पाडलंयस?”

चाकोते पायाजवळचं लिंबाचं पान चुरत बसले.

“पोपट विणले कुणी?” बाबांनी विचारलं.

“कुठल्याशा बायकांची संस्था आहे, अक्कलकोट रस्त्याला. मी ओळखत नाही.”

“जाऊन ये.”

“आता? माल आला, तपासून झाला, पैसे त्यांच्या खात्यात गेले. माझं तिथं काहीच काम नाही.”

“म्हणून तर जा.”

रविवारी चाकोते गेले.

पत्र्याची लांब शेड. आत मागांचा खडखडाट. संस्थेच्या प्रमुख राजेश्वरी कोडम बाहेर आल्या. केसांत सुताचे धागे. चाकोते इतकंच म्हणाले, की दवाखान्यातल्या चादरी पाहिल्या, आवडल्या, म्हणून आलो.

बाई खूश झाल्या. चहा आला.

“सरकारी काम मिळेल असं वाटलंच नव्हतं बघा,” त्या म्हणाल्या. “पूर्वी दोनदा त्या दवाखान्यात गेलो होतो, नमुने घेऊन. दारातला शिपाई म्हणायचा, साहेबांच्या ओळखीतले का? आम्ही म्हणायचो, नाही. मग म्हणायचा, ओळख काढून या... आता ओळख काढायला कुठं जायचं असतं हो?”

चाकोतेंचा कप हातातच राहिला.

“यंदा माझ्या सुनेनं कॉम्प्युटरवर भरलं. तिथं ओळख विचारलीच नाही. चादर कशी विणता, ते विचारलं. ते तर आम्हाला येतंय!”

चाकोतेंनी कप खाली ठेवला.

“बाई, तो साहेब मीच.”

जवळचा माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. हळूहळू सगळी शेड गप्प झाली. चाकोतेंना वाटलं, आता उठावं आणि जावं.

कोडमबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आणि हसू फुटलं त्यांना, आवरेचना.

“अगं बायांनो, या गं सगळ्या! साहेबच आलेत, आपली ओळख काढत!”

शेडभर हशा उसळला. चाकोतेही हसले. आधी ओशाळून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जेवल्याशिवाय त्यांना कुणी सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. एक म्हातारी तर पुनःपुन्हा म्हणत होती, “आम्हाला न बघता काम दिलंस रे बाबा, भलं होईल तुझं.”

तिथून चाकोते तडक बाबांकडे आले.

“बाबा, आयुष्यात इतके नमस्कार घेतले, पण असं कधी जेवलो नव्हतो! त्यांनी नवे माग घेतलेत. घरी बसलेल्या सुना कामाला लागल्यात. पोपटांनंतर आता मोर विणणार म्हणतात.”

बाबा ऐकत होते, मान डोलावत होते.

“आणि बाबा... पुढच्या महिन्यात ब्लँकेटची खरेदी निघतेय. कॉम्प्युटरवरच निघेल, माझा हात लागणार नाही. पण तुम्ही दुआ करा. काम त्यांनाच मिळू दे.”

बाबांनी लगेच दोन्ही हात पसरले, डोळे मिटले.

चाकोते पुढे सरकून हळूच म्हणाले, “नाव नीट घ्या बाबा. संस्थेचं नाव...”

डोळे मिटलेलेच ठेवून बाबांनी एक हात त्यांच्या तोंडावर ठेवला. ओठांवर हसू होतं.

“दुआ करतोय बेटा. नाव सांगू नकोस.”