परत येण्याची खूण

"पण तिला तर आधीच सांगितलं होतं ना, खाला? पोर परत आणून देऊ म्हणून? मग तिचं काळीज रिकामं का झालं?"

जैबूनखालांनी मान वर केली नाही. पडवीत चटईवर कोकमाच्या साली वाळत होत्या. एकेक साल उचलून त्या उलटी करत होत्या.

"कुणाचं काळीज म्हणालीस?"

"पैगंबर मूसा अलैहिस्सलामच्या आईचं."

"हं..."

कुराणातली ही गोष्ट दोघींनाही पाठ होती. फिरऔन बादशहाचे शिपाई घरोघरी नुकते जन्मलेले मुलगे मारत सुटलेले. मूसाच्या आईला अल्लाहचा हुकूम झाला, भीती वाटेल तेव्हा बाळाला नदीत सोड. घाबरू नकोस, रडू नकोस, आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू. तिनं सोडलं. आणि सकाळ झाली तेव्हा त्या आईचं काळीज रिकामं झालं होतं.

तहसीन या रिकाम्या काळजापाशी गेला महिनाभर अडली होती.

"फारिगन," ती म्हणाली. "फा, रा, गैन. अरबीत शब्दाचं मूळ तीन अक्षरांचं असतं, खाला. ते हाती लागलं की आयत उघडते. फारिग म्हणजे रिकामं. आणि याच मुळातून ओतणं येतं. दुसऱ्या एका आयतीत दुआ आहे ना, आमच्यावर सब्र, धीर ओत... तिथंही हेच मूळ."

खालांचा हात थांबला.

"हे मला ठाऊक नव्हतं गो," त्या म्हणाल्या. आणि खरंच खुश झाल्या.

तहसीनला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, आणि मग तेवढ्यासाठी स्वतःचीच लाज वाटली. साऱ्या मोहल्ल्याच्या मुलांना कुराण वाचायला शिकवलेली ही बाई, आणि आपण तिला अक्षरं मोजून दाखवतोय. पण काय करणार? मराठीत एम.ए. झालेली, महाडहून लग्न होऊन या खाडीकाठच्या गावात आलेली तहसीन लेकीपायी नोकरी सोडून घरी बसली होती. मुलगी झोपली की फोनवर अरबी शिकायची. बोलायला दुसरं होतं तरी कोण? वस्तीतल्या बायका तिला 'अरबीवाली' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिला अजून उलगडलं नव्हतं.

"मग कुठं ओतलं?" खालांनी विचारलं.

"काय?"

"काळीज रिकामं झालं म्हणतेस. आत होतं ते कुठं ओतलं तिनं?"

हे कुठल्याच कोशात नव्हतं.

"पुढं वाच," खाला म्हणाल्या.

"पुढं रबतना. रा, बा, ता. बांधणं. घोडा बांधून ठेवतात तसं. आम्ही तिचं काळीज बांधून ठेवलं नसतं तर तिनं सगळं बोलून टाकलं असतं, असं आहे." तहसीन पुढं सरकली. "पण खाला, रिकाम्या भांड्याचं तोंड बांधायचं कशाला? सांडायला उरलंच काय होतं? हाच माझा प्रश्न."

"हाच?"

"हाच."

"जोहरची नमाज पढून, डोक्यावर ऊन घेऊन, पोरीला ओढत तू ह्याच्यासाठी आलीस?"

तहसीननं लेकीकडे पाहिलं.

पोरगी, सफा, चटईच्या दुसऱ्या टोकाला उकिडवी बसून खालांसारख्याच साली उलट्या करत होती. सहा वर्षांची. दहाही बोटं लालभडक. एक साल तिनं हळूच तोंडात टाकली, आंबट लागली तसं सगळं अंग शहारलं, आणि लगेच दुसरी उचलली.

तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानाला मशीन लावून पाहिलं, गाडीचा हॉर्न तेवढा कळायचा.

"सोमवारी जायचंय," तहसीन शेवटी म्हणाली. "जिल्ह्याच्या गावी, कर्णबधिर मुलांच्या शाळेत. तिथंच राहायचं. दिवाळीला आणि ईदला घरी. सोमवारी पोचलो नाही तर जागा दुसऱ्या मुलाला देणार."

"मग?"

"सासूअम्मी म्हणतात, एवढंसं लेकरू परक्यांच्या हातात देणारी कसली आई. हे कुवेतहून म्हणतात, तू शिकलेली आहेस, तू ठरव." ती कसनुसं हसली. "शिकलेली! मला तर आता चहात साखर किती घालायची तेही ठरवता येत नाही, खाला. इथल्या शाळेत ती शेवटच्या बाकावर बसून भिंतीकडं बघते. तिथं तिला भाषा मिळेल. हे सगळं कळतं मला. पण रात्री पाणी मागितलं आणि तिथल्या बाईला कळलंच नाही तर? ताप आला तर? तिला वाटलं, की मी..."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मूसाच्या आईला वचन होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला कुणी दिलंय?"

खालांनी दोन साली उलट्या केल्या. तिसरी हातातच राहिली.

"माझा यासीन मी मुंबईला पाठवला तेव्हा चौदाचा होता," त्या म्हणाल्या. "जहाजावर."

"तुम्हाला कुणी वचन दिलं होतं?"

"मला कोण देतंय?"

"मग आला का परत?"

"शुक्रवारी फोन येतो."

एवढंच. तिसरी साल चटईवर पडली. पडवीसमोरच्या फणसावर एक कावळा ओरडला आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

मग खालांनी सफाकडे पाहिलं.

"आणि हिला?"

"हिला काय?"

"वचन. तू आपलं मागतेस ते बरोबर आहे. हिला कुणी दिलंय? सोमवारी तू हिला तिथं सोडून गाडीत बसशील. परत न्यायला येणार आहेस, हे हिला कुणी सांगितलंय?"

"तिला ऐकू..." तहसीन म्हणाली, आणि तिथंच थांबली.

"तुमच्या घरच्या खुणा आहेत ना?"

"आहेत की." तहसीनला जरा हायसं वाटलं. हे तिला येत होतं. "पाणी असं. भूक अशी. दादी म्हणजे चष्मा. नमाज, झोप, भाजलं, मांजर..."

"परत येईन, कसं?"

तहसीनचे दोन्ही हात वर आले. हवेत थांबले. उजव्या हातानं काहीतरी करू पाहिलं, ते 'भाकरी थाप'सारखं दिसलं. मग हात खाली आले.

"नाही."

"का नाही?"

"कधी लागलीच नाही, खाला. शाळेतही मी दारात बसून असते. मी तिला सोडून कुठं गेलेच नाही."

बोलताना पहिल्या शब्दांत अभिमान होता. शेवटच्या शब्दापर्यंत तो पुरला नाही.

खालांनी पदराला हात पुसले.

"जा," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"त्या गडग्यापलीकडे. हिला दिसणार नाहीस अशी उभी राहा."

"आणि?"

"आणि परत ये."

"ती घाबरेल."

"घाबरेल."

"रडेल, खाला! तिला न सांगता असं एकदम..."

"सांगून जा मग. कसं सांगतेस?"

तहसीन उठली. पायरी उतरताना सवयीनं तिच्या तोंडून "येते" निघून गेलं. सगळ्या मराठी घरांतून बायका असंच म्हणून बाहेर पडतात, कुणी 'जाते' म्हणत नाही. सफाची तिच्याकडे पाठ होती.

अंगण ओलांडून ती जांभ्या दगडांच्या गडग्यातल्या फटीतून पलीकडे गेली आणि भिंतीला टेकली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो आवाज आला. ज्या मुलीनं कधी स्वतःचं रडणं ऐकलेलं नाही तिचं रडणं वेगळं असतं, त्याला चढउतार नसतो, एकाच उंचीवर धरून ठेवलेली ती एक लांब रेघ असते. तहसीनच्या पायांनी तिला विचारलं नाही. ती अंगणात होती, पडवीत होती, सफा तिच्या कमरेला बिलगली होती आणि पिवळ्या ओढणीवर लाल बोटं उमटली होती.

खाला तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

"गेलीस कुठं तू? नुसती वळून आलीस. शेजारणीकडे मीठ मागायला ह्याहून जास्त वेळ लागतो."

"खाला, मला नाही जमणार."

"नाही जमलं, दिसलं मला. आता मी हाक मारीपर्यंत यायचं नाही."

"आणि तिनं रडून रडून..."

"माझी मांडी आहे. जा, बाय."

तहसीननं सफाची बोटं एकेक करून सोडवली. तिच्या समोर बसली, गडग्याकडे बोट दाखवलं, स्वतःकडे दाखवलं. पुढचं काय दाखवायचं ते सुचेना, म्हणून तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि उठून गेली. या वेळी "येते" म्हणाली नाही.

गडग्यापलीकडे वाट रिकामी होती. दुपारची वेळ. रांगेतली निम्मी घरं कुलुपात, माणसं कुवेतला, मस्कतला, मुंब्र्याला. एका बंद दारावर कुणीतरी गेल्या ईदला लावलेली झिरमिळी अजून लोंबत होती.

मागून ती लांब रेघ सुरू झाली.

तहसीननं दगडाला पाठ घट्ट लावली. यात घाबरण्यासारखं काय आहे, तिनं स्वतःला विचारलं. ती तिथं आहे, मी इथं आहे. मध्ये एक डोक्याएवढी भिंत. मी परत जाणार आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. वचन देणारीही मीच, पाळणारीही मीच. आणखी काय हवं?

आणि तरीही...

सकाळ-संध्याकाळ जे सगळं तिच्यात खचाखच भरलेलं असायचं, ताप, विहीर, कुत्री, अनोळखी हात, रात्रीचं पाणी, ते शोधायला ती आत उतरली आणि तिथं काहीच नव्हतं. भीतीसुद्धा नव्हती. कुणीतरी भांडं धरून पार पालथं केलं होतं. आतून एक नुसता पोकळ नाद येत होता, आणि पाय मात्र बांधून ठेवल्यासारखे जिथं होते तिथंच होते. कशानं थांबले होते ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग रडणं बंद झालं.

हे जास्त वाईट होतं. तहसीननं कान टवकारले. काही नाही. इतक्यात विसरली? तिला स्वतःचंच हसू आलं. रडली तर जीव जातो, नाही रडली तरी जीव जातो. या आईचं करायचं तरी काय?

"ये गो!" आतून हाक आली.

ती आली तेव्हा सफा खालांच्या मांडीवर होती. गाल ओले, त्यावर लाल पट्टे. नजर गडग्याच्या फटीवर खिळलेली, आणि खालांचा हात तिच्या पाठीवर. आई दिसली तशी ती उडी मारून धावली नाही. जागची हललीही नाही. तिनं आपला लाल हात उचलला. फटीकडे लांब केला, इतका लांब की खांदा ताणला गेला. मग तोच हात सावकाश मागं आणून छातीवर ठेवला. थाप.

तहसीन अंगणात उभी राहिली.

सफानं पुन्हा केलं. हात लांब... लांब... आणि मागं, छातीवर. थाप. भुवया वर करून ती आईकडे बघत होती. शब्द बरोबर आहे का, हे विचारताना मुलं बघतात तशी.

तहसीननं तसंच करून दाखवलं.

सफा हसली. मांडीवरून उतरली, पळत आली आणि आईच्या पोटाला दोन्ही हात लावून तिला मागं ढकलू लागली. गडग्याकडे. पुन्हा जा. पुन्हा. तिला आता खेळ सापडला होता. ढकलता ढकलता मध्येच थांबून ती हात लांब करून छातीवर आणी, आणि परत ढकली.

तहसीनचे पाय जमिनीत रुतले होते. तिनं सफाचे हात पकडले, तिच्या डोक्यावरून पडवीकडे पाहिलं.

"शिकली की हो ही, खाला," ती म्हणाली. डोळे वाहत होते आणि आवाजात हसू होतं. "इतक्यात शिकली. पुरे आता... सोमवारी मी नेते तिला. पण आता पुरे."

जैबूनखालांनी चटईवरची एक साल उचलून उलटी केली.

"तिचं झालं, बाय," त्या म्हणाल्या. "तू अजून एकदा जाऊन ये."